पितळी नटावरची मालकी : मरोळ आणि कोॲक्सियल कनेक्टरची पेटंटे

अंधेरी स्थानकाच्या पूर्वेला, साकीनाका, चकाला आणि आरे वसाहत यांच्या मधोमध पसरलेले मरोळ हे मुळात साष्टी बेटावरचे भातशेतीचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे गाव असून त्याचा औद्योगिक इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे. शेजारच्या कोंडिविटे येथे जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे चर्च एकोणिसाव्या शतकात रोगाच्या साथीमुळे ओस पडले, वस्ती मरोळकडे सरकली, आणि त्या चर्चचे भग्न अवशेष आज निर्यात-क्षेत्राच्या कुंपणाआड उभे आहेत. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या भागातील जमिनीवर औद्योगिक वसाहत आखली गेली, आणि तिच्याच एका भागात १ मे १९७३ पासून ‘सीप्झ’, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, सुरू झाले. नावात सांताक्रूझ असले तरी हे क्षेत्र मरोळच्या हद्दीला लागून आहे. आरंभी तेथे केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाच मुभा होती आणि हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांना प्रवेश मिळाला तो १९८७-८८ च्या सुमारास.

कुंपणाच्या आत परदेशासाठी माल आणि बाहेर, औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यांमध्ये, देशी बाजारासाठी माल अशी ही विभागणी कायद्यानेच केलेली होती, कारण निर्यात-क्षेत्र सीमाशुल्काच्या दृष्टीने देशाबाहेरचा प्रदेश मानले जाते. पेटंटाचा हक्कही असाच भूप्रदेशाला बांधलेला असतो: अमेरिकेत मिळालेले पेटंट मरोळमध्ये लागू होत नाही, परंतु मरोळमध्ये निर्वेधपणे बनलेली वस्तू अमेरिकेच्या बंदरात अडवली जाऊ शकते. कोॲक्सियल केबलच्या कनेक्टरसारखी, हाताच्या बोटाएवढीही नसलेली वस्तू घेतली तर या दोन जगांतील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके ते मोठ्या यंत्रांच्या इतिहासातही दिसत नाही.

कोॲक्सियल केबल म्हणजे एकाच अक्षावर एकात एक बसवलेल्या दोन वाहकांची तार. मध्यभागी तांब्याचा गाभा, त्याभोवती पांढऱ्या प्लास्टिकचे विद्युतरोधक अस्तर, त्यावर पातळ धातूची पट्टी व विणलेली जाळी, आणि सर्वांत बाहेर काळे वेष्टण अशी तिची रचना असते. बाहेरची जाळी जमिनीला जोडलेली असल्यामुळे आतील संदेश बाहेर गळत नाही आणि बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. ही रचना ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली पेटंट केली होती, आणि तिचे आधुनिक रूप अमेरिकेतील लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये अर्ज करून १९३१ मध्ये पेटंटाखाली आणले. मात्र तार कितीही चांगली असली तरी ती कुठेतरी तोडावी आणि कुणाला तरी जोडावी लागते, आणि नेमक्या त्या जोडावर इम्पिडन्स बिघडतो. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला तारेने केलेला एकूण अटकाव. दूरचित्रवाणीच्या तारेत तो ७५ ओहम, रेडिओ व मापनयंत्रांच्या तारेत बहुधा ५० ओहम राखला जातो, आणि जोडाच्या ठिकाणी तो बदलला की संदेशाचा काही भाग उलट फिरतो. म्हणून कनेक्टर हा केवळ नट-बोल्टचा प्रकार न राहता मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब मागणारी वस्तू बनतो.

तरीही या वस्तूंच्या जन्मकथेत मक्तेदारीचा वाटा आश्चर्य वाटावे इतका थोडा आहे. इंग्लंडमध्ये बेलिंग अँड ली कंपनीचा घुसवून बसवायचा कनेक्टर १९२० च्या दशकातच आला आणि पुढे युरोपभर टीव्हीच्या अँटेनासाठी रूढ झाला. पाव वळसा देऊन अडकवायच्या ‘बीएनसी’ कनेक्टरला बेल प्रयोगशाळेतील पॉल नील आणि ॲम्फेनॉलमधील कार्ल कॉन्सेलमन यांची आद्याक्षरे चिकटली, पण तशा रचनेचे अमेरिकन पेटंट १९५१ साली मिळाले ते ऑक्टाव्हिओ सलाटी यांना. केबल टीव्हीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा ठरलेला ‘एफ’ कनेक्टर १९५० च्या दशकाच्या आरंभी जेरोल्ड इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत एरिक विन्स्टन यांनी तयार केला. त्याची खुबी काटकसरीत होती: त्याला स्वतंत्र पिन नाही, केबलचा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा तांब्याचा गाभाच सोलून पुढे काढायचा आणि तोच पिन म्हणून वापरायचा. नटावरचे आटे तीन-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला ३२, हे माप ठरून गेले आणि जगातला कोणताही नट जगातल्या कोणत्याही सॉकेटवर बसू लागला. सर्वमान्य झालेल्या मापावर कुणाची मालकी टिकत नाही. तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांतील सगळी भांडणे मापाच्या आतल्या तपशिलांवर, म्हणजे नटाच्या मागच्या अर्ध्या इंचात केबल कशी पकडली जाते यावर झाली.

भारतातील पेटंट-कायद्याचा आरंभ १८५६ च्या अधिनियमापासून होतो आणि १९११ च्या कायद्याने त्याला स्थिर रूप आले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये दिलेल्या अहवालात भारतात दिली जाणारी बहुतांश पेटंटे परदेशीयांची असतात आणि त्यांतील फारच थोडी येथे वापरात येतात, हे आकडेवारीने दाखवले. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या कायद्याची ख्याती औषधांमुळे आहे, कारण औषधे, अन्नपदार्थ व रासायनिक द्रव्ये यांच्या बाबतीत त्याने उत्पादनावरचे पेटंट काढून घेऊन फक्त प्रक्रियेवरचे ठेवले. परंतु यांत्रिक वस्तूंना ही अट कधीच नव्हती. मरोळच्या एखाद्या गाळेधारकाने कनेक्टरची नवी रचना शोधली असती तर १४ वर्षांचे पेटंट मागण्याचा मार्ग त्याला १९७२ नंतरही मोकळाच होता. या धंद्यात पेटंटाला वजन आले नाही याचे खापर कायद्याने घातलेल्या बंदीवर फोडण्याची जी सवय आहे, ती निदान येथे चुकीची ठरते.

कारण शोधायचे असेल तर ते कायद्याच्या दुसऱ्या टोकाला, ‘शोध’ कशाला म्हणायचे या प्रश्नात शोधावे लागते. ज्ञात साधनांची केवळ नवी मांडणी, जिच्यात प्रत्येक भाग आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहतो, ती शोध नव्हे, असे १९७० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. या तत्त्वाला खरी धार आली ती १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या निकालाने. वाद मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा होता. पितळेची भांडी लेथवर कातताना घट्ट धरून ठेवण्याच्या एका युक्तीवर १९५१ मध्ये पेटंट घेतले गेले होते. न्यायालयाने असे ठरवले की लेथच्या शेपटाकडून दाब देऊन काम धरणे ही कारागिरांना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि कारखान्यात रोजच्या कामातून सुचणारी सुधारणा, ती कितीही उपयोगी असली तरी, पेटंटास पात्र होण्याइतकी शोधाची पायरी गाठत नाही. हा निकाल औषध कंपन्यांच्या खटल्यांत आजही आवर्जून सांगितला जातो, पण त्याचा खरा विषय लेथवर काम करणारा माणूस होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मरोळ, साकीनाका आणि कुर्ला या पट्ट्यातील गाळ्यांत होणाऱ्या जवळजवळ सर्व सुधारणा याच जातीच्या होत्या.

गाळा म्हणजे सहकारी किंवा खासगी औद्योगिक वसाहतीतील काहीशे चौरस फुटांची खोली. येथील उत्पादनाची पद्धत एका छपराखाली सगळे करण्याची नसून जॉबवर्कची असते. एका गाळ्यात ट्रॉब, म्हणजे कॅमच्या जोरावर आपोआप चालणारे लेथ, पितळेच्या लांब सळीतून एकामागून एक नट व बॉडी कातून टाकते. दुसरीकडे त्यावर निकेलचा मुलामा चढतो. तिसरीकडे प्लास्टिकचे विद्युतरोधक मोल्डिंग होते. आणि जुळणी आणखी कुठेतरी, पुष्कळदा तुकड्यामागे मजुरी घेणाऱ्या हातांनी होते. कातायला सोपे जावे म्हणून या पितळेत थोडे शिसे मिसळलेले असते आणि भारतीय मानक आयएस ३१९ ने त्याचे प्रमाण बांधून दिलेले आहे, परंतु बाजारात मिळणारी सळी भंगारातून पुन्हा ओतलेलीही असू शकते, आणि कनेक्टरचा आटा लवकर का झिजला या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या सळीतच दडलेले असते.

अशा व्यवस्थेत गुपित राखणे जवळजवळ अशक्य होते, कारण वस्तूचा प्रत्येक भाग दुसऱ्याच्या हातून फिरून येत असे. गिऱ्हाईक ‘सॅम्पल’ घेऊन येई, टर्नर ते व्हर्निअर कॅलिपरने मापे आणि काही दिवसांत तोच भाग तयार करून देई. यात आपण कुणाच्या हक्काचा भंग करत आहोत असे कुणाला वाटत नसे, आणि ते प्रायः खरेही होते, कारण त्या रचनेवर भारतात कुणाचाच हक्क नोंदलेला नसे. आयात-परवान्यांच्या भिंतीआड असलेल्या बाजारात माल विकता येत नाही तर तेथे पेटंटासाठी वकिलाचा खर्च कशाला करायचा, असा परदेशी कंपन्यांचा सरळ हिशेब असणार. स्पर्धा होती, आणि ती कडवी होती. फक्त ती वजनात, मुलाम्याच्या जाडीत आणि उधारीच्या दिवसांत होती. नटाची भिंत थोडी पातळ केली की किलोमागे चार नट जास्त निघतात, पितळेऐवजी जस्ताचे डायकास्टिंग वापरले की किंमत आणखी उतरते, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक माल विकणाऱ्या दुकानदाराला दोन्ही मालांतला फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात काही स्वारस्य नसते. पितळी भागांचे मोठे केंद्र असलेल्या जामनगरचा माल याच भावयुद्धात मुंबईच्या गाळ्यांसमोर उभा असे. नकलेला मोकळीक दिल्याने वस्तू स्वस्त झाली हे निर्विवाद; पण चांगला नट बनवणाऱ्याला तो चांगला असल्याचे सिद्ध करण्याचे कोणतेच साधन त्याच मोकळिकीने ठेवले नाही, हेही तितकेच खरे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा गच्चीवरच्या अँटेनापासून संचापर्यंत बहुधा दोन समांतर तारांची चपटी पट्टी उतरवलेली असे आणि घरोघरी कोॲक्सियल कनेक्टरची गरज नव्हती. १९८० च्या दशकात इमारतीतील एका व्हिडिओ-यंत्रावरून सगळ्या घरांत चित्रपट दाखवण्याची प्रथा मुंबईत पडली, १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची चटक लावली, आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आल्यानंतर गल्लोगल्ली केबलवाला उभा राहिला. सरकारी कायदा आला तो १९९५ मध्ये. तोवर गच्च्यांवरून, झाडांवरून आणि दिव्यांच्या खांबांवरून लोंबणाऱ्या काळ्या तारांनी उपनगरे जोडली गेली होती. सिटी केबल, इनकेबल आणि हॅथवे या मोठ्या कंपन्यांनी पुढे संदेश पुरवण्याचे काम हाती घेतले तरी घरात येऊन तार सोलणारा, जाळी मागे दुमडणारा आणि पकडीने कनेक्टर दाबणारा माणूस स्थानिकच राहिला. प्रत्येक घराला किमान दोन कनेक्टर, प्रत्येक स्प्लिटरला तीन-चार, आणि पावसाळ्यानंतर त्यातले कितीतरी पुन्हा नवे, असा हा खप होता. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात पाणी नटाच्या मागून शिरते, जाळीच्या विणीतून आत ओढले जाते आणि तारेला हिरवट गंज चढतो. त्यावर स्थानिक तोडगा काळ्या चिकटपट्टीचा होता.

नेमका हाच पाण्याचा प्रश्न अमेरिकेत पेटंटांची खाण ठरला. तेथेही जुनी पद्धत षट्कोनी पकडीने कनेक्टर दाबण्याची होती, ज्यात सहा बाजूंनी दाब बसतो आणि कोपऱ्यांत फट राहते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नळीसारखा भाग मागून पुढे सरकवून सर्व बाजूंनी सारखा दाब देणारे ‘कॉम्प्रेशन’ कनेक्टर आले आणि त्यातील प्रत्येक कड्यावर, प्रत्येक उतारावर हक्क सांगणारे अर्ज दाखल झाले. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजजवळची, पीपीसी या नावाने ओळखली जाणारी जॉन मेझालिंग्वा असोसिएट्स ही कंपनी या लढायांत सर्वांत चिकाटीची ठरली. चीन व तैवान येथून येणाऱ्या कनेक्टरविरुद्ध तिने २००८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. १९३० च्या आयात-शुल्क कायद्याच्या कलम ३३७ प्रमाणे हा आयोग पेटंटभंग करणारा माल बंदरातच अडवू शकतो, आणि २०१० मध्ये त्याने काही पेटंटांच्या बाबतीत सार्वत्रिक मनाई दिली. सार्वत्रिक मनाई म्हणजे नाव घेतलेल्या कारखान्यापुरती बंदी नव्हे, तर त्या रचनेचा माल जगातल्या कोणत्याही गावी बनलेला असो, त्याला प्रवेश नाही. मरोळच्या गाळ्याचा त्या खटल्याशी काहीही संबंध नसताना तो त्या आदेशाच्या कक्षेत येत होता.

या प्रकरणाचा एक धागा विशेष बोधप्रद आहे. पीपीसीचा एक हक्क कनेक्टरच्या कार्यावर नसून त्याच्या बाह्य आकारावर होता, ज्याला अमेरिकेत डिझाइन पेटंट म्हणतात. आयोगाकडे दाद मागायची तर त्या हक्काशी निगडित उद्योग अमेरिकेत अस्तित्वात असल्याचे दाखवावे लागते. पीपीसीने इतरांना आपल्या हक्काचा परवाना घ्यायला लावण्यासाठी आधी केलेल्या दाव्यांचा खर्च हीच आपली गुंतवणूक असल्याचा युक्तिवाद केला, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाच्या बहुमताने तो फेटाळला. दावे लढवणे हा आपोआप उद्योग ठरत नाही, असा त्याचा आशय होता. ही हार पीपीसीला फार जड गेली असे मात्र दिसत नाही. २०१२ च्या अखेरीस बेल्डन या केबल-कंपनीने ती ५१ कोटी डॉलरहून अधिक किंमत मोजून विकत घेतली. त्याच वर्षी पीपीसीला नट सैल राहिला तरी जाळी व सॉकेट यांचा विद्युत्संपर्क तुटू न देणाऱ्या एका छोट्या धातूच्या भागावर पेटंटे मिळाली, आणि त्यांच्या भंगाबद्दल कॉर्निंगच्या कनेक्टर-कंपनीवर २०१५ मध्ये ज्यूरीने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई बसवली. न्यायाधीशांनी पुढे ती वाढवल्याने एकूण रक्कम ६ कोटी डॉलरच्या वर गेली. सैल नटाची हीच अडचण मुंबईत केबलवाला बोटांनी नट आवळून सोडवत होता. एकच दोष, एकीकडे न्यायालयीन मालमत्ता आणि दुसरीकडे सेवेचा भाग.

मरोळच्या कुंपणाआत मात्र कलम ३३७ अनोळखी नव्हते. कॅलिफोर्नियात कंपनी उभारणारे सिरजंग लाल टंडन यांनी फ्लॉपी डिस्कच्या दोन्ही बाजू वाचणाऱ्या चुंबकीय ‘हेड’ची रचना पेटंट केली होती, १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये त्यांच्याच कंपनीचे ड्राइव्ह बसले, आणि ते बारीक, हाताने जुळवायचे हेड सीप्झमध्ये तयार होत. जपानी कंपन्यांनी स्वस्त ड्राइव्ह आणल्यावर टंडन यांनी याच आयोगाकडे धाव घेतली. त्यांच्या रचनेत एक हेड स्थिर आणि समोरचे हेड डुलणारे असे. जपानी ड्राइव्ह पेटंटाच्या शब्दांत बसत नाहीत असा निर्णय आयोगाने दिला आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. पुढच्याच वर्षी टंडन यांचा हार्ड डिस्कचा धंदा वेस्टर्न डिजिटलने घेतला. पेटंटाची पूर्ण भाषा जाणणारा, मुंबईच्या हातांवर उभा असलेला हा उद्योग एका डुलणाऱ्या भागाच्या व्याख्येवर हरला, ही गोष्ट सीप्झच्या इतिहासात आवर्जून नोंदवली जायला हवी.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताने २००३ मध्ये पेटंटाची मुदत २० वर्षे केली आणि आकारांच्या नोंदणीचा नवा कायदा २००१ मध्ये अमलात आणला. तरीही लहान सुधारणांसाठी जर्मनी किंवा चीनमध्ये मिळतो तसा ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा हलका, कमी मुदतीचा व सोप्या अटींचा हक्क येथे आलाच नाही. केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने २०११ मध्ये त्यावर चर्चापत्र काढले आणि विषय तेथेच थांबला. चीनमध्ये हा हक्क १९८५ पासून आहे आणि लेथवर सुचणाऱ्या सुधारणेची नोंद त्याखाली करता येते. मिर्झापूरच्या निकालाने जी जागा रिकामी ठेवली होती, ती भारतात रिकामीच राहिली, आणि तोवर आयात खुली झाल्याने चिनी कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर मरोळच्या मालाच्या शेजारी येऊन बसला होता.

३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत केबलचा जुना ॲनालॉग संदेश बंद होऊन सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. जुन्या संदेशात खराब जोडामुळे पडद्यावर मुंग्या येत व चित्र तरी दिसे. नव्यात चौकोन पडून चित्र गोठते, त्यामुळे वाईट कनेक्टर प्रथमच लपेनासा झाला. परंतु तेव्हाच काचतंतूची जोडणी घरापर्यंत येऊ लागली होती आणि मरोळमधील जमिनीचे भाव लेथला परवडेनासे झाले होते. ट्रॉब आणि मुलाम्याच्या टाक्या वसई-भिवंडीकडे सरकल्या, गाळ्यांच्या जागी काचेची कार्यालये व हॉटेले आली. वसईला गेलेले टर्नर आता सॅम्पलवर कमी आणि कंपन्यांनी पाठवलेल्या ड्रॉइंगवर जास्त काम करतात, आणि त्या ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातील चौकटीत हा नकाशा खरेदीदाराची मालमत्ता असून त्याची नक्कल करता येणार नाही, असे छापलेले असते. भारतात त्या भागावर पेटंट असो वा नसो, गाळेधारकाला करारानेच बांधून घेतले जाते.